संग्रहालयात स्क्रीन कुठं बसवायचा?

संग्रहालयात स्क्रीन बसवायचं काम आलं की मी पहिल्यांदा भिंत बघत नाही, माणसं बघतो. कोपऱ्यात उभं राहायचं आणि आलेला माणूस कुठं थबकतो, मान कुणीकडं वळवतो, पोरं कुठल्या काचेला नाक लावतात, म्हाताऱ्या बायका टेकायला काय शोधतात, हे बघत राहायचं. टेप, ड्रिल, वायर हे सगळं त्यानंतर. साउंड, प्रोजेक्टर, टच पॅनेल, कॅमेरे असा माझा सोलापुरात धंदा आहे. शाळा, मंगल कार्यालयं, दवाखाने यांच्यावर घर चालतं. संग्रहालयं आणि प्रदर्शनं अधूनमधूनच येतात, पण जीव जास्त रमतो तो त्या कामात.

काम देणाऱ्याला बहुतेक वेळा स्क्रीन दारातच हवा असतो. मोठा, झगझगीत, पाहुण्यांच्या डोळ्यांत भरेल असा. उद्घाटनाला तो शोभतोही. पण पुढच्या आठवड्यात जाऊन उभं राहा. लोक त्याच्यासमोर गोळा होतात, फिल्म संपेपर्यंत बघतात, आणि मग आतल्या तलवारी, नाणी, पोथ्या यांच्यासमोरून भराभर पाय उचलत निघून जातात. बघून झालं, असं त्यांना मनातून वाटलेलं असतं. फिल्म घरी फोनवरही दिसते. ती वस्तू मात्र फक्त तिथंच आहे. कुणाच्या तरी मुठीत ती धरली गेली, घासली गेली, झिजली आणि आता आपल्यासमोर हातभर अंतरावर आली आहे. म्हणून माझा हट्ट एकच असतो: स्क्रीनवरचं बघून झालं की माणसाचे डोळे परत वस्तूकडं गेले पाहिजेत. नाही गेले, तर एक तर स्क्रीनची जागा चुकली किंवा त्यात दाखवायचं ते चुकलं.

यात उजेडाचा भाग मोठा आहे आणि तो फार जणांच्या लक्षात येत नाही. जुनं कापड, कागद, नैसर्गिक रंग उजेडानं विटतात, आणि विटलेला रंग परत येत नाही. त्यामुळं जगभरात अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात. म्हणजे रात्री घरात एखादा मंद दिवा लावल्यावर असतो तेवढा. डोळा एकदा त्या उजेडाला सरावला की साडीच्या काठातली जरही नीट दिसते. पण शेजारी फुल ब्राइटनेसचा टीव्ही लावला की डोळ्याची बाहुली आकसते आणि तोच काठ काळपट दिसायला लागतो. लोक म्हणतात, इथं नीट लाइटच नाहीत. लाइट बरोबर असतात, टीव्ही जास्त असतो. मी ब्राइटनेस उतरवतो, मागचा रंग काळा आणि अक्षरं फिकट ठेवायला लावतो, आणि पॅनेल वस्तूच्या कडेला, जरा खाली, तिरपं बसवतो. एक पाऊल सरकलं की माणूस वस्तूसमोर आला पाहिजे. डिझाइन करणारी पोरं आधी कुरकुरतात. नंतर स्वतः उभी राहून बघतात आणि मग बोलत नाहीत.

याचा मला सगळ्यात चांगला अनुभव आला तो तेरला, आणि तिथं मी कामाला गेलो नव्हतो. घरचे सगळे मिळून गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलो होतो. तुळजापूर ओलांडायचं, धाराशिव मागं टाकायचं, की आलं तेर. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, सरकार चालवतं. सातवाहनांच्या काळातलं तगर ते हेच. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या एका दर्यावर्दी माहितीपुस्तकात तगरचं नाव आहे. तिथून भडोचच्या बंदराकडं गाड्या भरून काय जायचं? कापड. साधं कापड भरपूर आणि मलमलीचे नाना प्रकार. कापडावर वाढलेल्या गावातल्या माणसाला हे वाचून ऊर भरून येतो. आपली मिल, आपली चादर या कालपरवाच्या गोष्टी आहेत. या मुलखातून कापडाच्या गाड्या समुद्राच्या वाटेला लागत होत्या त्याला दोन हजार वर्षं होत आली.

तेरच्या संग्रहातली हस्तिदंती बाई प्रसिद्ध आहे. तळहातावर मावेल एवढी, दागिन्यांनी मढलेली. पुस्तकात तिच्याबरोबर नेहमी दुसऱ्या एका मूर्तीचं नाव येतं. इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात १९३८ साली सापडलेली हस्तिदंती बाई. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, त्या राखेखाली ती गाडली गेली होती, आणि आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. घडण भारतीय. कोपरापर्यंत भरलेल्या बांगड्या, पायांत जाड वाळे, दोन्ही बाजूंना लहान दासी. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही याच घराण्यातली मूर्ती मिळाली. म्हणजे मराठवाड्यातली ही दोन जुनी गावं आणि रोमन साम्राज्यातलं एक शहर एका धाग्यात आले.

माझी मुलगी नववीत आहे. काचेसमोर उभी राहून ती चिठ्ठी वाचत होती, आणि वाचून पुढं निघाली. मी तिला थांबवलं, फोनवर नेपल्सच्या मूर्तीचा फोटो काढून तिच्या हातात दिला आणि त्या मूर्तीच्या डोक्यात वरून खाली भोक आहे एवढंच सांगितलं. आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या नक्षीदार आसनाचा पाय असेल, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तिनं फोटो मोठा करून बघितला आणि लगेच मान वर केली. “पप्पा, हिच्या डोक्यात पण आहे का?” मग ती टाचा उंच करून, काचेला गाल लावून, डावीकडून उजवीकडून बघत राहिली. हातातला फोन तोवर खाली गेलेला. आमच्या मागं आलेलं एक कुटुंबही काय बघताय म्हणून थांबलं. फोनमधल्या एका फोटोनं माणसं मूर्तीसमोर खिळवून ठेवली. मला म्हणायचंय ते सगळं या प्रसंगात आलं.

आता यातच पुढची गोष्ट बघा. काचेच्या कपाटात ठेवलेल्या मूर्तीची पाठ सहसा दिसत नाही. डोक्याचा माथाही दिसत नाही. पण अशा मूर्तींना चहूबाजूंनी कोरलेलं असतं. पॉम्पेईच्या मूर्तीची वेणी आणि पाठीवर रुळणारे दागिने पुढून बघणाऱ्याला कळणारच नाहीत. इथं तंत्रज्ञान खरंच कामाला येतं. वस्तूभोवती फिरत, एकावर एक येतील असे शेकडो फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरला ते जुळवायला लावायचे. वस्तूचं त्रिमितीय रूप तयार होतं. त्याला फोटोग्रामेट्री म्हणतात. महागडं यंत्र लागत नाही, बरा कॅमेरा, एकसारखा उजेड आणि चिकाटी लागते. मग शेजारच्या छोट्या स्क्रीनवर बोटानं मूर्ती फिरवा, उलटी करा, माथा बघा. वस्तूला हात न लावता हात लावल्याचं समाधान मिळतं, आणि काचेमागं जे लपलंय तेच दाखवलं जातं. समोर जे उघड दिसतंय त्याचाच मोठा फोटो शेजारच्या स्क्रीनवर लावण्यात काय अर्थ? तरी तसं सर्रास होतं.

फोनवरून बऱ्याच ठिकाणी वाद असतो. काही ठिकाणी फोटोला बंदी, काही ठिकाणी सेल्फी पॉइंट. यावर अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेनं केलेला एक प्रयोग मला फार उपयोगी वाटतो. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेलं. काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या, त्यांतले बारकावेही कमी आठवले. कॅमेऱ्यानं ठेवलंय म्हटल्यावर डोकं ठेवत नाही. पण प्रयोगाचा दुसरा भाग लोक सांगतच नाहीत: ज्यांनी वस्तूच्या एका भागावर झूम करून फोटो काढला त्यांची आठवण घसरली नाही, आणि विशेष म्हणजे झूम न केलेला भागही त्यांना आठवला. एका ठिकाणी थांबून नीट बघण्यानं हे होत असणार. शाळेच्या सहली घेऊन जाणाऱ्या मास्तरांना म्हणूनच मी सांगतो, फोन काढून घेऊ नका. अख्ख्या तोफेचा फोटो काढू नका, तोफेवरचं एक अक्षर शोधा आणि त्याचा काढा, असं पोरांना सांगा. पोरं तोफेवर ओणवी होतात.

भाषेचा मुद्दा सोलापुरात बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडं एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू चारही ऐकू येतात. आणि संग्रहालयातल्या, प्रदर्शनातल्या पाट्या? वर इंग्रजी, खाली मराठी, आणि तीही पुस्तकी. ज्या हातांनी हे शहर विणलं त्यांतल्या कितीतरी आजीआजोबांना त्या वाचता येत नाहीत. मागे इथल्याच एका हातमागाच्या प्रदर्शनात साउंडचं काम माझ्याकडं होतं. कॉलेजच्या एका मुलीला मी मागाबद्दलची माहिती तिच्या घरच्या तेलुगूत बोलायला लावली आणि ती मराठीबरोबर लावली. दुपारी पद्मशाली या तेलुगू विणकर समाजातल्या एक आजी नातवाबरोबर आल्या. तेलुगू आवाज कानावर पडला तशा थांबल्या, शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, “कांडी कशी भरायची ते सांगितलंच नाही की ओ.” म्हटलं, अम्मा, तुम्ही सांगा. त्यांनी चरख्याशेजारची रिकामी कांडी, म्हणजे धागा गुंडाळायची नळी, उचलली आणि जमलेल्या पोरांना दाखवायला सुरुवात केली. बुडापासून भरत यायचं, वर निमुळतं ठेवायचं. मधेच फुगवलं की धोट्यात अडकतं आणि धागा तुटतो. बोटं हवेत फिरत होती, हातात धागा नसताना पोरांना धागा दिसत होता. कांडीवरची इंग्रजी पाटी कुणी वाचली नसती, आणि वाचली असती तरी हे तिच्यात नव्हतं.

आपल्या भाषेतला आवाज कानात येणं ही नवलाई आजची नाही. ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ सालीच रेडिओ लहरींवर चालणारी व्यवस्था होती. बघणाऱ्यांच्या कानाला यंत्र, आणि एकच ध्वनिफीत सगळ्यांना एकाच वेळी ऐकू यायची, त्यामुळं सगळा घोळका एकदमच पुढच्या वस्तूकडं सरकायचा. आता प्रत्येकाला आपापल्या चालीनं ऐकता येतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मराठीसह अनेक भाषांत ऑडिओ गाइड मिळतो आणि तो कानाला लावून फिरणारी माणसं खरंच सावकाश फिरतात, वस्तूसमोर थांबतात. कान गुंतलेले असले तरी डोळे मोकळे राहतात, हा आवाजाचा मोठा गुण. स्क्रीनला हे जमत नाही.

क्यूआर कोड चिकटवून मोकळं होणं ही सध्याची सोपी वाट. जाड दगडी भिंतीत रेंज येत नाही, कुणाचा डेटा संपलेला असतो, हेडफोन तर कुणीच आणत नाही, मग दहा फोन दहा आवाजांत ओरडतात. कोड लावायचाच तर आवाजाच्या फाइली इमारतीतल्याच एका लहान कॉम्प्युटरवर ठेवाव्यात आणि एक राउटर लावावा. बाहेरचं इंटरनेट लागतच नाही. पण माझी खरी पसंती जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरला आहे. भिंतीवर रिसीव्हर, खाली मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी चार बटणं. आठ वर्षांच्या पोराला आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांना सारखाच जमतो, आवाज हॉलभर सांडत नाही, आणि बिघडला तर पाना-स्क्रूड्रायव्हरनं दुरुस्त होतो.

दुरुस्ती हा शब्द निघाला म्हणून सांगतो, कारण या विषयावर भाषणं करणाऱ्यांच्या तोंडी तो येत नाही. सोलापूरचा उन्हाळा आणि सोलापूरची धूळ. बऱ्याच टच पॅनेलच्या चौकटीत इन्फ्रारेड किरणांची जाळी असते; चौकटीच्या खाचेत धूळ बसली की स्क्रीनला कुणी हात न लावताच बटणं दाबली जातात. महिन्यातून एकदा मऊ ब्रश फिरवला तर टळतं. व्होल्टेज वरखाली होतं, यूपीएसच्या बॅटऱ्या उतरतात, अपडेटची खिडकी स्क्रीनच्या मधोमध येऊन बसते आणि ती बंद करायला कीबोर्ड कपाटात कुलूपबंद असतो. एका ठिकाणी, नाव घेत नाही, मोठ्या खर्चानं उभं राहिलेलं दालन मी वर्षभरानं बघायला गेलो तर निम्मे स्क्रीन काळे होते. यंत्रांच्या खरेदीला पैसे मंजूर झाले होते, देखभालीच्या कराराला नाहीत, आणि आतला मजकूर बदलायला तर कधीच नव्हते. काळा स्क्रीन पाटीपेक्षा वाईट. कारण पाटी काढून तिथं स्क्रीन लावलेला असतो, त्यामुळं वस्तूबद्दल सांगणारं काहीच उरत नाही. माझ्या प्रत्येक कामात मी एक अट घालतो: मेन स्विच पाडायचा आणि मग दालनातून एक चक्कर मारायची. तेव्हाही चार ओळींची पाटी वाचता यावी, वस्तू दिसावी, बसायला बाकडं असावं. हे नसेल तर मी आधी तेच करायला सांगतो.

आणि काही ठिकाणी यंत्रांनी मागंच राहावं. भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक त्यांच्या घरात आहे. १९१० साली या शहरात जन्मलेला मुलगा १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला जातो, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करतो, तिथंच लग्न करतो आणि वयाच्या ३२ व्या वर्षी, ९ डिसेंबर १९४२ ला, तिथंच मरण पावतो. त्या घराचा उंबरा ओलांडताना भिंतीवर तोफांचे आवाज आणि बर्फाचा प्रोजेक्टर कशाला हवा? मुलगा इथून निघाला, हे कळायला ते घरच लागतं.

उलट हत्तरसंग कुडलला थोडी मदत हवी आहे. भीमा आणि सीनेच्या संगमावरच्या संगमेश्वर मंदिरात तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे. ‘वाछि तो विजेया होईवा’, जो वाचील तो विजयी होईल, अशी त्याची मराठी ओळ. लोक मोठ्या श्रद्धेनं आणि अभिमानानं जातात, मान वर करतात, आणि त्यांना काही दिसत नाही. पृष्ठभाग झिजलाय, उजेड कमी. तिथं समोरून प्रकाश टाकून उपयोग नाही, अक्षरं सपाट होतात. टॉर्च अगदी कडेनं, दगडाला जवळजवळ टेकवून धरली की प्रत्येक खाचेची सावली पडते आणि अक्षरं उठून येतात. हेच तंत्र कॅमेऱ्यानं करता येतं: कॅमेरा एका जागी, दिवा वेगवेगळ्या कोनांतून, आणि सगळे फोटो जुळवून असं चित्र की ज्यात बोटानं दिवा फिरवता येईल. बघणारा स्वतः दिवा फिरवेल, एकेक अक्षर त्याला सापडेल, आणि मग मान वर करून तो खऱ्या तुळईवर तेच अक्षर शोधेल. त्या ओळीतच वाचायला सांगितलंय, मग लोकांना वाचता येईल अशी सोय करणं आपल्याकडं लागतं.

सोलापूरच्या कापडाचं एखादं मनासारखं दालन झालं तर त्यात काय ठेवायचं हे माझं पक्कं ठरलंय. मधोमध जेकार्डचा माग. आपली सोलापुरी चादर ज्याच्यावर विणली जाते तो. त्याच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. जिथं भोक असतं तिथं सुई आत जाते, हूक जागेवर राहतो आणि ताण्याचा उभा धागा वर उचलला जातो. भोक नसलं की सुई मागं ढकलली जाते, हूक सुटतो, धागा खालीच राहतो. धोटा मधून निघून जातो, पुढचा पुठ्ठा येतो. भोक आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली. एवढ्यावर मोर उमटतो, फूल उमटतं. हा माग १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये केला जोसेफ मारी जेकार्ड यानं. त्याचंच चित्र पुढं रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते, आणि त्यातली एक प्रत इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजनं स्वतःजवळ ठेवली होती. बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात भोकांचे पुठ्ठे घेतले ते इथूनच. आज आपल्या हातातल्या फोनमध्येही शेवटी ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच चालतं.

या मागाशेजारी मी स्क्रीन ठेवीन तो असा: चौकटीचा कागद, पोरानं बोटानं भोकं पाडायची, आणि खाली त्याच क्षणी कापड उमटताना दिसायचं. मोर करायला बसलेल्या पोराला दोन ओळींतच कळेल की एक भोक चुकलं तर मोराची मान तुटते. मग त्याला खऱ्या मागावरच्या पुठ्ठ्यांकडं न्यायचं, आणि शेजारी विणलेली चादर, हात लावायला मोकळी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिची नक्कलही भरपूर होते. बोटांना विणीचा पोत कळलेला पोरगा मोठा झाल्यावर नकलेला फसणार नाही.

शेवटची आणि मला सगळ्यात निकडीची वाटणारी गोष्ट आवाजांची. अमेरिकेतल्या शोआ फाउंडेशननं नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांना कित्येक दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून शेकडो प्रश्नांची उत्तरं त्यांच्याच तोंडून घेऊन ठेवली आहेत. संग्रहालयात आलेली शाळकरी मुलं प्रश्न विचारतात, कॉम्प्युटर त्या प्रश्नाला जुळणारं खरं उत्तर शोधून लावतो. पिंकस गटर हे त्यातले पहिले. यंत्र मनचं काही बोलत नाही, माणूस स्वतः जे बोलला तेवढंच दाखवतं. मला हा भेद फार मोलाचा वाटतो, कारण आता मेलेल्या माणसाच्या तोंडी वाटेल ते घालता येतं. इतिहासाच्या दालनात ते होता कामा नये. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. १९३० च्या मे महिन्यातलं सोलापूर, तो मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, हे आता पुस्तकांत आणि चार पुतळ्यांत आहे. त्यांचे बनावट आवाज तयार करून चौकात ऐकवायची कल्पना माझ्यासमोर एकानं मांडली होती. मी ते काम घेतलं नाही.

पण मिलमधली माणसं अजून आहेत. माझे वडील मिलमध्ये होते. भोंगा, पाळी, खात्यातला आवाज, त्या आवाजात एकमेकांशी हातवाऱ्यांनी केलेलं बोलणं, पगाराच्या दिवशीची गर्दी, टाळं लागलं तो दिवस. हे सगळं सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. मिलच्या चिमण्या आणि भिंती जपायची भाषा होते, ती व्हावीच. त्या भिंतींच्या आत काय चालायचं हे बोलणारा आवाज मात्र दरवर्षी कमी होतोय, आणि तो टिपून ठेवायला कुठल्या मंजुरीची वाट बघायची गरज नाही.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर या रविवारी बसा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, खाली रुमाल घालून ठेवा. ‘तुमच्या काळाबद्दल सांगा’ असं विचारू नका, काही हाती लागत नाही. पहिली पाळी किती वाजता सुटायची, डब्यात काय असायचं, धागा तुटला की काय करायचे, असं विचारा. मागाच्या भागांची नावं त्यांच्याच भाषेत म्हणवून घ्या, तेलुगूत म्हणाले तर तेलुगूत. मधेच थांबले तर थांबू द्या, लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. जुना बिल्ला, हजेरी कार्ड, जेकार्डचा पुठ्ठा घरात असेल तर तो त्यांच्या हातात द्या आणि मग बोलू द्या. हातात वस्तू आली की आठवणी वेगळ्याच निघतात. फाइलला नाव, खातं, गल्ली, तारीख लिहा. एक प्रत घरात ठेवा, एक घराबाहेर कुणाकडं तरी. आवाजात खरखर असेल तर पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या दुकानात या, साफ करून देतो. या कामाचे मी पैसे घेत नाही.